मित्राचे घर दिसते, ताळेबंद दिसत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, नोकरी स्थिर, कर्ज आवाक्यातले, दरमहा बचत नियमित. मात्र सोबत शिकलेल्या मित्राने दुसरे घर घेतल्याचे कळल्यापासून स्वतःचे सगळे तोकडे वाटू लागले आहे. रात्री त्याच्या पगाराचे अंदाज बांधता बांधता झोप उडते आणि सकाळी आपण मत्सरी झालो आहोत याची लाज वाटते. ही तुलना थांबवायची कशी, असे आपण विचारले आहे.

उत्तराला सुरुवात करण्यापूर्वी ती लाज बाजूला ठेवू या. गेली २१ वर्षे मी लोकांचे आर्थिक नियोजन करून देते आणि तुलना न करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. काही जण पहिल्याच बैठकीत तसे बोलून दाखवतात, तर काही जण तिसऱ्या बैठकीनंतर, उठता उठता, दाराशी थांबून विचारतात, "सहज विचारतो, आमच्या वयाच्या लोकांचं साधारण किती साठलेलं असतं?" दाराशी विचारलेला हा प्रश्नच बहुतेक वेळा त्या बैठकीचा खरा विषय असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. त्यांचे म्हणणे असे, की स्वतःची कुवत आणि स्वतःची मते जोखून पाहण्याची ओढ माणसाला असतेच. जिथे वस्तुनिष्ठ माप हाताशी असते तिथे तो ते वापरतो आणि जिथे नसते तिथे इतरांकडे पाहतो. आपल्याला ताप आहे की नाही हे ठरवण्यासाठी कोणी शेजाऱ्याच्या कपाळाला हात लावत नाही, कारण तापमापक मिळतो. "पैशाच्या बाबतीत माझे बरे चालले आहे ना?" या प्रश्नासाठी मात्र असे कोणतेही तयार उपकरण नाही, म्हणून नजर आपोआप शेजारी वळते. आपण लिहून पाठवलेल्या मजकुरात मित्राचे घर आहे, त्याच्या पगाराचा अंदाज आहे, त्याच्या पत्नीची नोकरीदेखील आहे. आपला पैसा आपल्याला कशासाठी हवा आहे, याविषयी एक ओळही नाही. माझ्या मते दुखणे तिथे आहे. मोजपट्टी नसलेला माणूस तुलना थांबवू शकत नाही, आणि त्याने तसा प्रयत्न केला तर तो लवकरच दुसऱ्या कोणाशी तरी तुलना करू लागतो.

फेस्टिंगर यांच्या मांडणीतला आणखी एक भाग आपल्याला थेट लागू पडतो. समोरचा माणूस आपल्यापासून जितका लांबचा, तितकी त्याच्याशी तुलना करण्याची ओढ कमी होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची संपत्ती एका दिवसात किती वाढली हे वाचून कोणाची झोप उडत नाही. एकाच बाकावर बसलेल्या मित्राच्या दुसऱ्या घराने ती उडते, कारण त्याची सुरुवात आणि आपली सुरुवात एकच होती असे आपण धरून चालतो, आणि मग मधल्या अंतराचा जाब आपण स्वतःलाच विचारू लागतो. भाऊ, आतेबहीण, एकाच दिवशी नोकरीला लागलेला सहकारी, ही सगळी याच जातीची माणसे.

ही ओढ किती खोल आहे, हे सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांच्या १९९८ मधील एका साध्या प्रश्नावलीतून दिसले. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील विद्यार्थी, प्राध्यापक व कर्मचाऱ्यांना त्यांनी दोन काल्पनिक जगे देऊ केली. पहिल्यात तुमचे वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलर आणि इतरांचे २५,०००. दुसऱ्यात तुमचे १,००,००० आणि इतरांचे २,००,०००. दोन्हीकडे वस्तूंच्या किमती सारख्याच. म्हणजे दुसऱ्या जगात प्रत्यक्ष खरेदीची ताकद दुप्पट. तरीही सुमारे निम्म्या लोकांनी पहिले जग निवडले. हाच प्रश्न सुट्टीच्या दिवसांबाबत विचारल्यावर मात्र इतरांपेक्षा पुढे राहण्याचा सोस बराच कमी झाला. आपल्याला जास्त सुट्टी मिळत असेल तर इतरांना त्याहून जास्त मिळाली तरी बहुतेकांची हरकत नव्हती. या निम्म्या लोकांना मी वेडे म्हणणार नाही. मोक्याच्या जागेवरचे घर किंवा नावाजलेल्या संस्थेतला प्रवेश अशा मोजक्याच उपलब्ध गोष्टी ज्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त असते त्यालाच मिळतात, त्यामुळे आपला क्रम कितवा हा प्रश्न तिथे अगदीच पोकळ नसतो. पण अशा गोष्टी आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार कमी असतात. म्हातारपणीची तरतूद, अंगावर कर्ज नसणे, नोकरी गेली तरी सहा महिने तग धरता येणे, यांपैकी कशालाही शेजाऱ्याच्या पुढे असण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपण ज्याला आर्थिक तुलना म्हणतो ती प्रत्यक्षात आर्थिक स्थितीची तुलना नसतेच. स्वतःच्या बाबतीत आपल्याला सगळा जमाखर्च ठाऊक असतो. समोरच्याचा फक्त खर्च दिसतो, आणि तोही टिकाऊ आणि मिरवता येण्याजोगा. घर दिसते, गाडी दिसते, प्रवास दिसतो. घरावरचे कर्ज दिसत नाही, सासऱ्यांनी दिलेली मदत दिसत नाही, थांबवलेली निवृत्तीची गुंतवणूक दिसत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बचत दिसत नाही.

याचे गणित अगदी सोपे आहे, पण एकदा कागदावर मांडून पाहावे असे आहे. दोघांचे उत्पन्न प्रत्येकी १०० धरा. पहिला ९० खर्च करतो आणि १० वाचवतो. दुसरा ७० खर्च करतो आणि ३० वाचवतो. बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्याचे राहणीमान दुसऱ्यापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी वरचढ दिसेल आणि तो सहज म्हणेल, की पहिल्याचे उत्पन्नच जास्त असणार. दहा वर्षांनी, व्याज न धरतादेखील, दुसऱ्याकडे ३०० आणि पहिल्याकडे १०० साठलेले असतील. तोवर दहा वर्षे दुसराच मागे पडल्यासारखा दिसत राहिलेला असेल. जी गोष्ट आपल्याला सुरक्षित करते तीच आपल्याला इतरांच्या आणि स्वतःच्या नजरेत मागे टाकते. नियमित बचत करणाऱ्या माणसाला आपण कमी पडतो असे वाटणे हा अपघात नाही. बाहेरून दिसणाऱ्या खर्चावरून निष्कर्ष काढायचा म्हटला, की तसेच वाटणार.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. घरखर्चाची नोंद ठेवता का, असे मी नेहमीप्रमाणे विचारले. त्यांनी फोनवरचा तक्ता उघडून माझ्यापुढे धरला, पण घाईत चुकीचे पान उघडले गेले. त्या पानावर त्यांच्या चुलतबहिणीच्या खरेदीची यादी होती. तारीख, वस्तू, अंदाजे किंमत, आणि शेवटच्या रकान्यात "कुठून आणले असतील?" असा शेरा. दीड वर्षाच्या नोंदी होत्या, शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची. त्या ओशाळल्या, मीही काही क्षण काय बोलावे ते न सुचून गप्प राहिले. मग आम्ही त्यांच्या स्वतःच्या खर्चाचे पान उघडले, तर ते तीन महिन्यांपूर्वीच थांबलेले होते. त्या बाई कोत्या मनाच्या मुळीच नव्हत्या. पैशाविषयी त्यांना जे कुतूहल होते, जी शिस्त होती, ती सगळी चुकीच्या घरात खर्च होत होती, इतकेच. माझ्या दृष्टीने ती यादी म्हणजे कौशल्याचा पुरावा होता, आणि मी त्यांना तसे सांगितलेदेखील.

आम्ही ती यादी पुढे ठेवून एक उद्योग केला, जो मी त्यानंतर अनेकांकडून करून घेतला आहे. कागदाचे दोन भाग करायचे. डावीकडे "मला नक्की ठाऊक आहे" आणि उजवीकडे "मी धरून चालले आहे". चुलतबहिणीच्या बाबतीत डावीकडे चार ओळी आल्या आणि उजवीकडे तेरा. उजवीकडच्या तेरांमध्ये तिचा पगार होता, तिच्यावर कर्ज नसणे होते, तिच्या नवऱ्याचा समजूतदारपणा होता, आणि एक ओळ अशी होती: "तिला कधी काळजी वाटत नसणार." ही शेवटची ओळ लिहून झाल्यावर बाई स्वतःच हसल्या. आपणही मित्राविषयी हा कागद करून पाहावा. मला तर असेही वाटते, की पुढचे सारे उत्तर वाचण्याआधी तो केला तरी चालेल.

अनेकदा तर ज्याच्याशी आपण तुलना करतो तो माणूसच अस्तित्वात नसतो. एकाचे घर, दुसऱ्याचे परदेशदौरे, तिसऱ्याने योग्य वेळी घेतलेले समभाग, चौथ्याची मुले कमावती झालेली, असे तुकडे जोडून आपण एक गोधडी शिवतो आणि त्या गोधडीला "सगळे" असे नाव देतो. "सगळ्यांचं छान चाललंय." यांतल्या घरवाल्याला प्रवास परवडत नसतो, प्रवास करणारा भाड्याच्या घरात राहत असतो, समभागवाल्याच्या नोकरीचा भरवसा नसतो. प्रत्येकाचा सर्वांत उजळ तुकडा तेवढा आपल्या गोधडीत आलेला असतो, आणि तिच्यासमोर आपण आपला सबंध संसार, उसवलेल्या कोपऱ्यांसकट, ठेवतो.

सरासरीच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. दहा जणांपैकी नऊ जणांकडे प्रत्येकी १० आणि एकाकडे ११० असतील तर सरासरी २० येते आणि दहांपैकी नऊ जण सरासरीच्या खाली जातात, जरी ते सगळे अगदी एकसारखे असले तरी. उत्पन्न आणि संपत्तीची विभागणी जवळजवळ सगळीकडे अशीच वरच्या टोकाला ओढलेली असते. म्हणून "तुमच्या वयाच्या लोकांची सरासरी संपत्ती" असा आकडा दिसला, की तो सरासरीचा आहे की मध्यकाचा, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा आहे, हे आधी तपासावे. गुंतवणुकीच्या गप्पांत हाच घोटाळा आणखी वाढतो. "माझे पैसे दुप्पट झाले" असे सांगणाऱ्याने एकूण संपत्तीच्या ३ टक्केच तिथे घातले असतील, तर त्याच्या संपत्तीत भर पडली ती ३ टक्क्यांची. आपल्या सगळ्या शिल्लकीवर शांतपणे ७ टक्के मिळवणारा माणूस ही गोष्ट ऐकून उगाच खट्टू होतो. शिवाय बुडालेल्या पैशांची गोष्ट सहसा कोणी चारचौघांत सांगत नाही.

या सगळ्याचे परिणाम मनापुरते राहिले असते तर मी इतके लिहिले नसते. नेदरलँड्समध्ये एक सोडत आहे, जिच्यात एखादा पोस्टल कोड निघतो आणि त्या गल्लीत तिकीट घेतलेल्यांना रोख रकमेबरोबर एक नवी बीएमडब्ल्यू गाडी मिळते. पीटर कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की गाडी जिंकणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी तिचे पैसे करून घेतले; मात्र तिकीटच न घेतलेल्या, पण विजेत्यांच्या शेजारी राहणाऱ्या घरांचा गाड्यांवरचा खर्च वाढला. ज्यांना गाडी मिळाली त्यांनी ती विकली आणि ज्यांना मिळाली नाही त्यांनी विकत घेतली, हा प्रकार मला अजून पुरता पचलेला नाही. कॅनडातील सोडतींवर सुमित अगरवाल, व्याचेस्लाव्ह मिखेद आणि बॅरी शोल्निक यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याच्या पुढे जातो. शेजाऱ्याला लागलेले बक्षीस जितके मोठे, तितके आसपासच्या घरांतले नंतरचे कर्ज वाढले आणि दिवाळखोरीचे अर्जही वाढले. बक्षीस कोणाला लागेल हे केवळ नशिबाने ठरत असल्यामुळे, त्या शेजाऱ्यांच्या स्वतःच्या नोकरीत किंवा उत्पन्नात काही बिघडले होते असा खुलासा इथे लागू पडत नाही.

मग सगळ्यांचे आकडे उघड केले तर अंदाजांचा हा खेळ संपेल का? काही अंशी संपेल, पण समाधान मिळेलच असे नाही. अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार संकेतस्थळावर टाकल्यानंतर डेव्हिड कार्ड व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या निवडक कर्मचाऱ्यांना त्या संकेतस्थळाची माहिती दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आपल्या विभागातल्या समकक्षांच्या मध्यकापेक्षा कमी पगार असलेल्यांचे समाधान घटले आणि दुसरी नोकरी शोधण्याची त्यांची इच्छा वाढली. मध्यकाच्या वर असलेल्यांना मात्र फारसा आनंद झाला नाही. खाली असल्याचे दुःख होते, वर असल्याचे सुख होत नाही, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. नॉर्वेमध्ये प्राप्तिकराच्या नोंदी पूर्वीपासून सार्वजनिक होत्या, पण २००१ मध्ये त्या इंटरनेटवर सहज शोधता येऊ लागल्या. रिकार्डो पेरेझ-ट्रुलिया यांच्या अभ्यासानुसार त्यानंतर जास्त आणि कमी उत्पन्नाच्या लोकांमधल्या आनंदाची दरी २९ टक्क्यांनी रुंदावली. २०१४ मध्ये नियम बदलला आणि आपली नोंद कोणी पाहिली हे ज्याची नोंद आहे त्याला कळू लागले. लगेच शोध घेणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. या तपशिलात मला माणसाचा स्वभाव जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो. पाहायचे सगळ्यांनाच असते, पाहताना दिसायचे मात्र कोणालाच नसते.

आपल्याला वाटणाऱ्या लाजेविषयी थोडे. मराठीत आपण "मला तुझा हेवा वाटतो" असे समोरच्याला हसत सांगू शकतो. "मला तुझा मत्सर वाटतो" असे कोणी कोणाच्या तोंडावर म्हणत नाही. हेव्यात "मलाही तसे मिळावे" असते, मत्सरात "त्याचेही जावे" असते. डच भाषेतही या दोन भावनांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि नील्स व्हॅन डे व्हेन व सहकाऱ्यांनी २००९ पासून प्रयोगांतून हा भेद तपासला आहे. त्यांच्या २०११ मधील प्रयोगांत हेवा वाटलेल्यांनी समोरच्याकडे असलेल्याच वस्तूसाठी जास्त किंमत मोजण्याची तयारी दाखवली, तर मत्सर वाटलेल्यांचा ओढा त्याच प्रकारच्या, पण वेगळ्या वस्तूकडे गेला. म्हणजे मत्सराने मन कडू होत असेल, पण पदराला खार लावण्याच्या कामी निरुपद्रवी दिसणारा हेवाही कमी नाही. आपण लिहिलेल्या मजकुरावरून आपल्याला वाटतो तो हेवा आहे. मित्राचे वाईट व्हावे असे त्यात कुठेही नाही. त्यामुळे पापभावनेची गरज नाही, सावधगिरीची मात्र आहे.

इतरांची प्रगती नेहमी बोचतेच असेही नाही. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७३ मध्ये एक दाखला दिला होता. बोगद्यात एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांच्या दोन्ही रांगा अडकल्या आहेत आणि शेजारची रांग हलू लागते. सुरुवातीला आपल्याला बरेच वाटते, कारण आता आपलीही रांग हलेल असे चिन्ह दिसते. बराच वेळ फक्त तीच रांग हलत राहिली, तर मात्र संताप येतो. मित्राच्या घराची बातमी ऐकून दहा वर्षांपूर्वी आपल्याला कदाचित उत्साह वाटला असता. आज ती बोचते याचा अर्थ आपली रांग थांबली आहे असे आपल्याला कुठेतरी वाटते आहे, आणि ते खरे आहे की नाही हे तपासण्याजोगे आहे. बढती अडली आहे का, पगार बाजारापेक्षा खरोखर कमी आहे का, हे प्रश्न मित्राच्या घराशी संबंधित नाहीत, पण त्या बातमीच्या आड ते उभे असू शकतात. इथे तुलना उपयोगाची ठरते. आपल्या कामासाठी इतरत्र काय मोबदला मिळतो याची चौकशी जरूर करावी. तो आकडा घेऊन वरिष्ठांशी बोलता येते. मित्राच्या घराचा आकडा घेऊन कोणाशीच बोलता येत नाही.

अपवाद घरातल्या माणसांचा, आणि तिथेच तो आकडा सर्वांत जास्त घाव घालतो. "त्यांनी बघ, दुसरं घर घेतलं," हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात निव्वळ बातमी असते. ऐकणाऱ्या जोडीदाराला त्यात स्वतःच्या कमाईवरचा शेरा ऐकू येतो. मी अशी जोडपी पाहिली आहेत, ज्यांच्यात पैशावरून एकही उघड भांडण झालेले नाही आणि तरीही प्रत्येक मोठी खरेदी अशा एखाद्या वाक्याला दिलेले उत्तर होती. यावर उपाय साधा आहे. तिसऱ्या कोणाच्या घरची बातमी सांगायची असेल तर तिच्यापाठोपाठ आपल्याला काय वाटले तेही सांगावे: "ऐकून मला जरा घाबरल्यासारखं झालं." भीती बोलून दाखवली, की तिचा आरोप होत नाही.

आता मोजपट्टीविषयी. ती बाजारात मिळत नसली तरी घरी करता येते आणि तिच्यासाठी एक संध्याकाळ पुरते. उत्पन्न आज बंद झाले तर किती महिने घर चालेल, हप्त्यांमध्ये मासिक उत्पन्नाचा किती भाग जातो, कमाईचा किती हिस्सा शिल्लक राहतो, आणि ज्या एक-दोन गोष्टींसाठी आपण खरोखर पैसा साठवत आहोत त्यांचा किती भाग जमला आहे, एवढे चार आकडे लिहावेत आणि वर्षातून दोनदा ते अद्ययावत करावेत. चौथा आकडा लिहिताना बहुतेकांचा हात थबकतो, कारण आपण नेमके कशासाठी साठवत आहोत हे कधी ठरवलेलेच नसते. तिथे रेंगाळावे, घाई करू नये. आपल्याला दुसरे घर खरोखर हवे आहे का, की मित्राने ते घेतल्यामुळे ते हवेसे वाटते, याचा उलगडा या चौथ्या ओळीवरच होईल, आणि उत्तर "खरोखर हवे आहे" असे आले तरी त्यात काही वावगे नाही.

"कोणी पाहणारे नसेल तर ही वस्तू मला हवी असेल का?" असा प्रश्न स्वतःला विचारावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. माणूस समाजात राहतो. चांगले कपडे, पाहुण्यांना बसायला जागा, यांतले बरेचसे पाहणाऱ्यासाठीच असते आणि त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. त्याऐवजी मी विचारते, की ही खरेदी केल्यावर वरच्या चार आकड्यांपैकी कोणता आकडा किती हलेल. दुसऱ्या कोणाची मोठी खरेदी ऐकल्यानंतर निदान महिनाभर त्याच प्रकारचा कोणताही करार करू नये, एवढे पथ्य मात्र मी आग्रहाने सांगते.

"स्वतःच्या कालच्या स्थितीशीच तुलना करा" हेही वाक्य तपासून घेण्याजोगे आहे. पंचविशीपासून चाळिशीपर्यंत बहुतेकांचे उत्पन्न आपोआप वाढते आणि त्याचे श्रेय आपण शिस्तीला देऊन बसतो; उलट आजारपण, मुलाचा जन्म किंवा नोकरीतला खंड आला, की तीच मोजपट्टी निष्कारण दोषी ठरवते. आपल्यापेक्षा हलाखीत असलेल्यांकडे पाहून समाधान मानण्याची रीतही तितकीच फसवी आहे. त्याने घटकाभर बरे वाटते, पण आपला आपत्कालीन निधी अपुरा असेल तर शेजाऱ्याकडे तोही नाही या विचाराने तो पुरा होत नाही.

झोप अनेक आठवडे लागत नसेल, घरच्यांपासून लपवून कर्ज काढले जात असेल, किंवा इतरांचे आकडे पाहिल्याशिवाय राहवत नसेल, तर विषय नियोजनकाराच्या हाताबाहेरचा आहे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. आपल्या बाबतीत अजून तशी वेळ आलेली दिसत नाही.

राहिला मित्र. त्याला टाळू नका. पुढच्या भेटीत घर केवढ्याला पडले हे विचारू नका, ते तो सांगेलच; ते पेलतोस कसे, हे विचारा. आपल्या कर्जाचा एखादा आकडा आधी स्वतःहून सांगितला, तर समोरचा मोकळा होतो असा माझा अनुभव आहे. खरेदीविषयी विचारले, की लोक दोन वाक्यांत उत्तर देतात. ती पेलण्याविषयी विचारले, की खुर्ची पुढे ओढून बसतात. घरी आल्यावर दोन रकान्यांचा तो कागद पुन्हा काढा आणि उजवीकडच्या किती ओळी डावीकडे न्याव्या लागतात, किती खोडाव्या लागतात, ते पाहा.